व्होटिंग राइट्स ॲक्टचे पाचवे कलम

अमेरिकेत हायस्कूलमध्ये ‘गव्हर्नमेंट’ हा विषय घेणाऱ्या मुलांना महत्त्वाच्या संघीय कायद्यांची एक ठरलेली यादी असते: १८८३चा पेंडल्टन, १८९०चा शर्मन, १९३५चा सोशल सिक्युरिटी, १९६४चा सिव्हिल राइट्स, १९६५चा व्होटिंग राइट्स, आणि पुढे आणखी काही. आपल्या मराठी घरांतील मुले ही सनावळी घडाघडा म्हणतात. मात्र कायद्याने नेमके काय केले, असे विचारले की ‘भेदभावावर बंदी घातली’ एवढ्यावर गाडी थांबते. माझ्या मते यांतला एकच कायदा मुळापासून शिकवायचा झाला, तर तो व्होटिंग राइट्स ॲक्ट असावा.

मतदानाच्या हक्कात वर्णभेद करण्यावर कागदोपत्री बंदी तर १८७०च्या पंधराव्या घटनादुरुस्तीपासूनच होती. तरीही दक्षिणेकडील राज्ये साक्षरता चाचणीसारख्या युक्त्या काढून कृष्णवर्णीयांना मतदारयादीबाहेर ठेवत. १९५७ आणि १९६०च्या कायद्यांनी केंद्राच्या न्याय खात्याला खटले भरण्याचा अधिकार दिला. पण एक नियम कोर्टात पडेपर्यंत राज्य दुसरा तयार ठेवी. १९६५च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने हा क्रमच उलटा केला. ज्या राज्यांचा इतिहास वाईट होता, त्यांनी निवडणुकीच्या नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी, अगदी मतदान केंद्र हलवायचे असले तरी, ॲटर्नी जनरलची किंवा वॉशिंग्टनमधील संघीय न्यायालयाची पूर्वमंजुरी घेणे बंधनकारक झाले आणि बदल निर्दोष आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी राज्यावर आली. चाचण्यांवरील बंदी आणि केंद्राने पाठवलेले नोंदणी अधिकारी यांची जोड मिळाल्यावर मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी ६.७ टक्क्यांवरून दोनच वर्षांत ५९.८ टक्क्यांवर गेली.

परीक्षेत हमखास चुकणारा भाग पुढेच आहे. २०१३मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी जे रद्द केले, ते पाचवे कलम नव्हे, तर पूर्वमंजुरी कोणत्या राज्यांना लागू हे ठरवणारे सूत्र, म्हणजे कलम ४(ब). पाचवे कलम पुस्तकात जसेच्या तसे आहे, फक्त सूत्रच न उरल्यामुळे ते लागू होणारी राज्ये उरली नाहीत. पूर्वी अडवला गेलेला मतदार ओळखपत्राचा कायदा अमलात आणत असल्याचे टेक्सासने त्याच दिवशी जाहीर केले. सूत्रामागचे आकडे जुने झाले होते हा बहुमतातील न्यायाधीशांचा मुद्दा मला अगदीच गैर वाटत नाही. पण २००६मध्ये सिनेटने ९८ विरुद्ध ० मतांनी ज्याला मुदतवाढ दिली होती, ते सूत्र न्यायालयाने काढून टाकावे हे मला पटलेले नाही. नवे सूत्र ठरवण्याची वाट काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, मोकळी ठेवली होती, हे खरे. काँग्रेसने ते अजून ठरवलेले नाही.

त्याच १९६५ साली ऑक्टोबरमध्ये झालेला इमिग्रेशनचा कायदा या याद्यांत बहुधा तळाशी असतो, याचे मला नवल वाटते. १९४६पासून भारताचा वार्षिक कोटा जेमतेम १०० होता. या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटे मोडीत काढले आणि आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे त्यानंतरच इथे येऊ शकली. परंतु प्रत्येक देशाला सारखीच कमाल मर्यादा हे तत्त्वही त्यानेच रुजवले, आणि १९९०च्या कायद्याने ठरवलेली ७ टक्क्यांची मर्यादा आज भारताला आणि आइसलँडला एकच आहे. ग्रीन कार्डसाठी ताटकळणाऱ्या आईवडिलांनी दर महिन्याचे व्हिसा बुलेटिन, म्हणजे कोणत्या देशाच्या कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते सांगणारा सरकारी तक्ता, मुलांसमोर उघडावे आणि भारताचा स्तंभ इतका मागे का, हे त्यांनाच कायद्यातून शोधून काढू द्यावे.