‘आधी निम्मी रक्कम भरा’ सांगणारा मेसेज

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय : “चाळीस-पन्नास हजारांसाठी कोर्टाची पायरी चढू नका. दाव्याची निम्मी रक्कम आधी भरावी लागते, वर तारण मागतात आणि हरलात तर समोरच्याच्या वकिलाची सगळी फी तुमच्या बोकांडी.” यातल्या प्रत्येक धमकीमागे कुठला ना कुठला खरा नियम आहे. फक्त तो कोणाला आणि किती लागू होतो, तेच मेसेजमध्ये चुकलंय.

निम्मी रक्कम. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ४१. जिल्हा ग्राहक आयोगाने दुकानदाराला पैसे द्यायला सांगितले आणि त्याला राज्य आयोगाकडे अपील करायचं असेल, तर त्या रकमेच्या निम्मे त्याने आधी जमा करायचे. तक्रारदाराने नव्हे! सोफ्यासाठी चाळीस हजार आगाऊ घेऊन फोन बंद करणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला आयोगाची फी शून्य आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही, पाच ते दहा लाख असेल तर २०० रुपये. वकील लावणंही सक्तीचं नाही.

हातउसने दिलेले पैसे मात्र ग्राहक आयोगात मागता येत नाहीत. त्यासाठी दिवाणी दावा, आणि तिथे कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात भरावी लागते. पण प्रकरण लोक अदालतीत मिटलं, तर भरलेली फी परत मिळते. मेसेजमध्ये हे कुठेच नाही.

तारण. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ प्रमाणे वादीकडून खर्चापोटी तारण मागता येतं, पण कोर्टाला कारण लिहून द्यावं लागतं. सक्ती आहे ती परदेशात राहणाऱ्या, आणि दाव्यातली मिळकत सोडून भारतात पुरेशी स्थावर मालमत्ता नसलेल्या वादीवर. दुबईतल्या पुतण्याने इथे दावा लावायचा ठरवलं तर त्याने हे जरूर वाचावं, डोंबिवलीतल्या काकूंना याची धास्ती नको. लघुवाद न्यायालयांच्या (लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या कोर्टांच्या) १८८७ च्या कायद्यातलं कलम १७ तर प्रतिवादीच्या मागे लागतं : गैरहजर राहून एकतर्फी हुकूमनामा ओढवून घेतला आणि तो रद्द करून हवा असेल, तर आधी रक्कम भरा किंवा तारण द्या. ही अट टाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलंय.

वकिलाची फी. खर्च कोणी, किती द्यायचा हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ खाली कोर्ट ठरवतं. खोट्या, त्रासदायक दाव्याबद्दलची भरपाई कलम ३५-अ खाली, आणि तिची कमाल मर्यादा साध्या दाव्यात ३,००० रुपये. १९७६ च्या दुरुस्तीनंतर आकडा तोच आहे. हरणाऱ्याला हे बरं वाटेल, पण जिंकणाऱ्याचंही यात नुकसानच : प्रत्यक्ष झालेला खर्च सहसा पूर्ण वसूल होत नाही.

भीतीच घालायची तर वेळेची घाला. ग्राहक कायदा साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न करा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा वर्षानुवर्षं चालतात.