अंडरग्राउंड रेलरोडवरील आक्षेपाला उत्तर

अंडरग्राउंड रेलरोड, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना उत्तरेकडे पोहोचवणारे मदतनीसांचे गुप्त जाळे, यावरील माझ्या लेखाला आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: अमेरिकेतील गुलाम स्वतःच्या हिमतीवर पळाले, गुलामगिरीविरोधी गोऱ्या मंडळींनी उत्तरेत सुरक्षित बसून त्यांना फार तर एका रात्रीचा आसरा दिला आणि श्रेय मात्र त्यांच्याच पदरात पडले, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केल्याचा दाखला देऊन मीही या श्रेयात भर घातली.

यातील पहिले विधान मला मान्य आहे. मेरीलँड किंवा केंटकीतून निघालेल्या बहुतेकांनी मालकाच्या हद्दीपासून गुलामगिरी नसलेल्या राज्यापर्यंतचा सर्वांत धोक्याचा टप्पा एकट्याने किंवा इतर गुलामांच्या आधाराने पार केला. परंतु सीमा ओलांडली म्हणजे सुटका झाली, असे नव्हते. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याने मदत करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १००० डॉलरपर्यंत दंड ठरवला, शिवाय पकडलेल्या माणसाला मालकाच्या हवाली करणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर आणि सोडून देणाऱ्याला ५ डॉलर मेहनताना ठेवला. कायदा कोणत्या बाजूला झुकला होता, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको. अशा वेळी उपयोग होता तो भाड्याच्या पैशांचा, कपड्यांचा, पुढच्या गावातील खात्रीच्या पत्त्याचा आणि प्रसंगी वकिलाचा.

फिलाडेल्फियात हे काम पाहणारा विल्यम स्टिल गोरा नव्हता. तो गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो जुने नाव, नवे नाव, मालक कोण, मागे कोण राहिले, हे विचारी आणि उत्तरे टिपून ठेवी. जोतीरावांच्या सदाचारी लोकांत तो बसत नाही, असे निदान मला तरी वाटत नाही.

१८५० च्या ऑगस्टमध्ये अलाबामाहून पीटर नावाचा एक माणूस त्याच्यासमोर आला. तो फरारी नव्हता. साठवलेले ५०० डॉलर देऊन त्याने स्वतःची सुटका करून घेतली होती आणि चाळीसेक वर्षांपूर्वी तुटलेल्या आईवडिलांचा तो शोध घेत होता. वडिलांचे नाव लेव्हिन, आईचे सिडनी, असे त्याने सांगताच विल्यमला उमगले, की हा आपलाच थोरला भाऊ आहे. नोंदी इतक्या काटेकोर ठेवल्या, तर आणखी कोणाची तरी अशी गाठ पडेल, हा विचार त्याच्या मनात त्यानंतर पक्का झाला.

पीटरची बायको व्हिना आणि तीन मुले मात्र अलाबामातच होती. त्यांना आणण्यासाठी १८५१ मध्ये सेथ काँकलिन हा गोरा माणूस स्वतःहून गेला. त्याने त्या चौघांना होडीतून टेनेसी, ओहायो आणि वॉबॅश या नद्यांवरून इंडियानापर्यंत, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यात आणले, आणि तिथेच ते सगळे पकडले गेले. व्हिना आणि मुले पुन्हा मालकाकडे गेली. काँकलिनचे प्रेत हातपाय साखळदंडाने जखडलेल्या अवस्थेत नदीत सापडले. आपण ज्यांना ‘सुरक्षित बसलेले’ म्हणता, त्यांच्यात या माणसाला कुठे बसवायचे?

त्यानंतर मालकाने चौघांची किंमत ५००० डॉलर सांगितली. मालकाला पैसे देणे म्हणजे माणसावरचा त्याचा हक्क मान्य करणे, असे अनेक गुलामगिरीविरोधकांचे तत्त्व होते आणि त्यांच्यात यावरून वादही होते. पीटर मात्र गावोगावी सभांतून आपली हकीकत सांगत वर्गणी गोळा करत फिरला आणि १८५४ च्या अखेरीस त्याने बायकोमुलांना सोडवले. तत्त्व आपल्या जागी बरोबर असले, तरी माझ्या मते पीटरने केले ते योग्यच केले.