आर्सुफ : नाइट पायदळाच्या आड का?

‘तुमचे नाइट चार चाली पायदळामागे झोपा काढतात आणि फासा वाईट पडला की हॉस्पिटलर माझ्या हुकमाशिवाय उधळतात. हा खेळ आहे की शिक्षा?’ आर्सुफच्या लढाईवरच्या माझ्या युद्धखेळात रिचर्ड, म्हणजे क्रुसेडर (युरोपीय ख्रिस्ती) फौज घेऊन लढणारा इंग्लंडचा राजा, घेऊन हरल्यावर तुम्ही हे लिहिलंय, त्यामुळे चिडचिड समजते. पण या दोन्ही गोष्टी मी मुद्दाम ठेवल्यात.

नाइटांचा, म्हणजे चिलखती घोडेस्वारांचा, हल्ला जबरदस्त खरा, पण एकदाच उडणाऱ्या बारासारखा. समोरचे तुर्क घोडेस्वार बाजूला झाले की तो हवेत जातो. ४ जुलै ११८७ ला हत्तीनच्या लढाईत क्रुसेडरांचा सरदार, त्रिपोलीचा रेमंड, असाच धावला. समोरच्या मुस्लिम सुलतानाच्या, सलाहुद्दीनच्या फौजेने वाट करून दिली, रेमंड पार निघून गेला आणि त्याला माघारी येताच आलं नाही. शिवाय बाणांनी घोडा पडला की नाइटही पायउतार. म्हणून पायदळाचं पहिलं काम घोडे जगवणं. जाड नमदा आणि चिलखत घातलेले शिपाई अंगात दहा-दहा बाण रुतलेले असताना रांग न मोडता चालत होते, हे कुणा फ्रँक (युरोपीय) भाटाने नाही, सलाहुद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनने लिहून ठेवलंय. तुम्हाला माझं पायदळ ‘फाजील चिवट’ वाटतं ते त्यामुळेच.

आता हॉस्पिटलर, म्हणजे धर्मव्रत घेतलेले लढवय्ये नाइट. ७ सप्टेंबर ११९१ ला आर्सुफला ते पिछाडीला होते आणि त्यांचे घोडे पटापट पडत होते. त्यांच्या मुख्याने हल्ल्याची परवानगी मागितली, रिचर्डने थांबायला सांगितलं. कर्ण्यांची खूण ठरलेली होती. ती होण्याआधीच दोघे सुटले आणि मागोमाग बाकीचे. म्हणजे हुकूम खुद्द रिचर्डचाही मोडला गेला, मग तुमचं काय घेऊन बसलात!

एक चूक मात्र माझी. उधळलेल्या पथकाला शेजारच्यांनी साथ द्यायची तर माझ्या नियमात पुढच्या चालीपर्यंत थांबावं लागतं. रिचर्डने तसं केलं नाही, लगेच बाकीचं घोडदळ सोडलं आणि नंतर पाठलाग आवरून रांगा पुन्हा जुळवल्या. तेव्हा आजपासून शेजारचं पथक त्याच चालीत धावू शकेल. पाठलाग थांबवायला मात्र फासा टाकावाच लागेल, तिथे सूट नाही.

आणि एक विचारू? तुम्ही पाठवलेल्या खेळाच्या फोटोत तुमचे निम्मे क्रॉसबोवाले तिरंदाज उजव्या कडेला दिसतात. विश्रांतीला पाठवले असतील तर ठीक, पण तुम्ही त्यांची तोंडं बाहेर केलीत. तिकडे समुद्र आहे हो!