धूर गेला म्हणजे शेगडी निर्धोक झाली, असं नाही

माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, निफाडजवळ. त्या पट्ट्यात थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. बाळ अकरा दिवसांचं असताना तिनं मला एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं आहे का? आई शेगडी आणायची म्हणतेय."

मेसेज थोडक्यात असा: 'विजेचा हीटर खोलीतला ऑक्सिजन जाळतो, म्हणून सकाळी डोकं धरतं. लावायचाच असेल तर समोर पाण्याचं भांडं ठेवा, पाण्यातून ऑक्सिजन मिळतो. त्यापेक्षा आजीची कोळशाची शेगडी बरी. धूर निघून गेला की आत आणा, काही होत नाही. हीटर कुठल्याही बोर्डावर चालतो, एमसीबी असतोच. ऑइलचा हीटर तर रात्रभर ठेवा, त्यावर लंगोटही सुकतात.'

मी वीस वर्षं वायरिंगची कामं करतोय. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात धोका आहे, आणि सगळ्यात मोठा शेगडीच्या वाक्यात.

आधी ऑक्सिजनचं बघू. कोळसा, लाकूड, गॅस, रॉकेल जळतं तेव्हा ऑक्सिजन लागतो. विजेच्या हीटरमध्ये काहीच जळत नसतं. नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची कॉइल वीज वाहिल्यामुळे तापून लाल होते, एवढंच. तिच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तिला पुढं जपतो. ती खरंच ऑक्सिजन खात जळत असती, तर एकच कॉइल वर्षानुवर्षं टिकली नसती. मग डोकं का धरतं? दारंखिडक्या घट्ट लावून त्या खोलीत चार माणसं रात्रभर श्वास घेतात, हवा कोंदते. शिवाय ती कोरडी पडते. दहा अंशांची हवा वीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण निम्म्यावर येते. नाक-घसा कोरडा पडतो तो त्यामुळे. खिडकी दोन बोटं उघडी ठेवली तर हवा खेळती राहते.

पाण्याच्या भांड्यातून वाफ निघते, ऑक्सिजन नाही. पाण्यातून ऑक्सिजन वेगळा करायला त्यातून वीज सोडावी लागते. नुसतं कोमट होऊन ते फुटत नाही. थोडा ओलावा मिळेल, तेवढाच उपयोग. पण ते भांडं हीटरच्या आणि बोर्डाच्या जवळ ठेवू नका. रात्री अंधारात कुणाचा पाय लागून पाणी सांडलं तर काय होईल, हे मला लिहावंसंही वाटत नाही.

आता शेगडी. बाळंतिणीचा शेक, ओव्याची धुरी, खाटेखालची शेगडी हे आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे, आणि त्यामागची माया मला कळते. ताईचं म्हणणंही तेच: "आमची सगळ्यांची बाळंतपणं शेगडीवर झाली." खरं आहे. पण ती कौलारू घरात झाली. कौलांच्या फटींतून आभाळ दिसायचं, दाराखालून मांजर जायचं. आज ताईच्या घरावर स्लॅब आहे, खिडक्यांना सरकत्या काचा आहेत, पडदे ओढलेत, दाराखाली चादर सारलीय. शेगडी तीच, खोली ती राहिली नाही.

आणि 'धूर गेला की आत आणा' हा सल्ला तर जीवघेणा आहे. धुरानं निदान डोळे चुरचुरतात, माणूस खोकतो, उठतो. फुललेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, चुरचुर नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्याला धरून ठेवतं, म्हणून हवेत तो थोडा असला तरी पुरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा भराभर चालतो, त्याला तर सांगताही येत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळहून गेलेले आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत दगावले. त्यांत चार मुलं होती. दारंखिडक्या बंद होत्या आणि खोलीत गॅसचा हीटर सुरू होता. आपल्याकडं बंद बाथरूममधल्या गॅस गिझरनं जीव गेल्याच्या बातम्या येतात, त्यामागंही हाच वायू असतो. शेक द्यायचाच असेल तर शेगडी अंगणात किंवा ओसरीवर ठेवा, तिथं फडकं गरम करा आणि फक्त फडकं आत न्या.

एवढ्यावरून विजेचा हीटर बिनघोर, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याचा धोका वेगळा आहे, आणि तो माझ्या रोजच्या कामातला आहे. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, म्हणूनच त्याची पिन जाड असते. लोक कन्व्हर्जन प्लग लावून ती छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटात बसवतात, नाहीतर मोबाइल चार्जिंगच्या एक्स्टेन्शनवर. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे ६ अँपिअरच्या मानानं इथं ती दुपटीच्या वर जाते.

'एमसीबी आहे ना?' हे मी घरोघरी ऐकतो. एमसीबी म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच. लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर ८.७ अँपिअरला तो पडणारच नाही. त्याच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं आणि इकडं एक्स्टेन्शनची बारीक वायर वितळत असते. सॉकेटात पिन सैल बसत असेल तर तिथंच ठिणग्या पडतात, प्लास्टिक करपतं. लूज कनेक्शननं करंट वाढत नाही, म्हणून एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. हीटर लावून पंधरा मिनिटांनी स्विच बंद करा, पिन काढा आणि ती हाताला कितपत गरम लागते ते बघा. चांगलीच तापली असेल, सॉकेट पिवळा पडला असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर तो पॉइंट बदलून घेईपर्यंत हीटर लावू नका.

ऑइलच्या हीटरचं अर्धंच खरं आहे. त्यातलं तेल सीलबंद असतं, जळत नाही, आणि लाल कॉइल उघडी नसल्यानं तो उघड्या लाल दांड्यांच्या हॅलोजन हीटरपेक्षा बरा. पण त्यावर लंगोट वाळत घातले की उष्णता अडते आणि कापड करपू शकतं. कपडे, पडदे, मच्छरदाणी, गादी सगळं किमान तीन फूट लांब हवं. बाळंतिणीच्या खोलीत मच्छरदाणी असतेच, तिच्याकडं आधी बघा. आणि रात्रभर लावून झोपणं कुठल्याच हीटरचं योग्य नाही. ९ जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका इमारतीत हीटरमुळे आग लागली. १७ माणसं गेली, त्यांत आठ मुलं. घराचं दार उघडं राहिल्यानं धूर जिन्यातून वरपर्यंत पोचला होता.

भाचीच्या खोलीसाठी मी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून दिला, अर्थिंग तपासलं. आडवा झाला की आपोआप बंद पडणारा ऑइल हीटर भिंतीशी ठेवलाय, पलंगापासून लांब. झोपायच्या आधी तासभर खोली तापवायची, मग पिन काढायची, आणि बाळाला टोपडं-दुपटं आहेच. ताईची शेगडी आता ओसरीवर असते.

ज्यांच्या घरी आजही शेगडी आत आहे त्यांच्यासाठी एवढंच: एकाच खोलीतल्या दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं, किंवा बाळ नेहमीपेक्षा मलूल वाटलं, तर शेगडी विझवत बसू नका. आधी माणसं उघड्यावर न्या, दारंखिडक्या सताड उघडा आणि १०८ ला फोन लावा. बरं वाटलं म्हणून परत त्या खोलीत झोपू नका, आणि डॉक्टरांना 'खोलीत शेगडी होती' हे पहिल्या वाक्यात सांगा.