शर्टाचा रेट

नाशिकच्या थंडीचा मुक्काम निफाडला असतो, ती नाशकात फक्त सकाळी कामावर येते. ‘निफाडचा पारा घसरला’ अशी बातमी आणि द्राक्षबागेत शेकोटी पेटवून बसलेल्या शेतकऱ्याचा फोटो पेपरात आला की आमच्याकडे कानटोप्या बाहेर पडतात. सकाळी साडेसहाला स्कूटरच्या हँडलवरची बोटं आपलीच आहेत का, हे वाकून बघावं लागतं. अकरा वाजता त्याच माणसाला उसाचा रस प्यावासा वाटतो. दुपारी ऑफिसात पुन्हा हिमालय, कारण एसीचा रिमोट ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं वजन शंभर किलो आहे.

या सगळ्याला पुरेल असा एकच कपडा मला हवा होता. घरात कपडे नव्हते असं नाही. एक स्वेटर होता, पण त्याच्या गळ्यातून माझं डोकं जायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली. लग्नानंतर मनालीत घेतलेलं जॅकेटही होतं. त्यात मी भरलेल्या सिलिंडरसारखा दिसतो. ते घालून ऑफिसला गेलो तर शिपाई मला सही करून उतरवून घेईल.

वडिलांनी हा प्रश्न आयुष्यभर फुकटात सोडवला होता. स्कूटरवर बसताना ते शर्टाच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी सरकवायचे आणि ऑफिसात पोचल्यावर तीच काढून वाचायचे. मी पेपर मोबाइलवर वाचतो, त्यामुळे ती सोय गेली.

“बाबा, तुला शॅकेट पाहिजे,” लेक म्हणाली.

“सॉकेट?” आईने विचारलं. “कुठलं जळलं?”

शॅकेट म्हणजे शर्ट अधिक जॅकेट. कॉलर शर्टाची, पुढे टिचबटणं, छातीवर दोन खिसे, आणि अस्तराच्या आत ऊब देणारा पातळ थर. टेकडीवर चालेल, ऑफिसात चालेल, लग्नातही चालेल (लग्न दुसऱ्याचं असेल तर). मला हे इतकं पटलं की मी लगेच विकत न घेता अभ्यासाला बसलो. तिथेच घोळ झाला.

आत पिसं हवीत की पॉलिएस्टर, इथे पहिला आठवडा गेला. बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं फार हलकी आणि फार उबदार. अमेरिकेत एडी बाउर नावाचे गृहस्थ थंडीत मासेमारीला गेले, अंगावरची लोकर भिजली आणि मरता मरता वाचले. मग त्यांनी १९३६ साली पिसं भरून टाके घातलेलं जॅकेट केलं. पण गंमत अशी की पिसंही भिजली की गोळा होऊन बसतात आणि ऊब जाते. हिवाळ्यात आपल्याकडे पाऊस नाही म्हणावं, तर अवकाळी आहेच. अवकाळी नसला तरी माझा घाम आहे.

“बदकाची पिसं?” आई म्हणाली. “घाल बापडा. पण देवघरात यायचं नाही.”

पॉलिएस्टर ठरलं.

मग वजन. आतला थर चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर ऊब मोजतात. चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. शंभर आपल्याला फार होतो, चाळीस दुकानातच पुरेसा वाटतो आणि स्कूटरवर पश्चात्ताप होतो. मी साठवर आलो. तोवर डिसेंबर अर्धा सरला होता आणि बायको म्हणाली, “अहो, आता एकदम पंखाच घ्या.”

दुकानातला मुलगा तत्पर होता. त्याने कापड चिमटीत धरून सोडलं. ते हळूहळू फुगून पूर्ववत झालं, तव्यावरच्या फुलक्यासारखं. “सर, आत पोकळ तंतू आहेत. ऊब कापडाची नसते, ऊब अडकलेल्या हवेची. फुगवटा टिकला पाहिजे.” मग त्याने मला आरशासमोर उभं केलं. शर्टाच्या मापाचं घेतलं की आत टीशर्ट मावेना आणि जॅकेटच्या मापाचं घेतलं की खांदे कोपराकडे निघाले. शेवटी मधलं निवडलं. चार हजार दोनशे रुपये.

आईने घरी ते हातात तोललं. मग लेकीने केकसाठी आणलेल्या काट्यावर ठेवलं. तीनशे ऐंशी ग्रॅम.

“आत कापूस कुठला?”

“कापूस नाही, पॉलिएस्टरचे पोकळ तंतू.”

“म्हणजे उशीत भरतात ते?”

मी वाद घालणार होतो, पण उशीतही तेच असतं हे महिनाभराच्या अभ्यासाने मला कळलेलं होतं. आईचा हिशोब पुढे चालू. चौरस मीटरला साठ ग्रॅम, तर तुझ्या अंगाभोवती फार तर शंभर ग्रॅम. “अख्खी उशी त्याहून स्वस्त येते. पूर्वी पिंजारी दारात येऊन यापेक्षा जास्त कापूस नुसता उडवून टाकायचा.”

आत डाव्या शिवणीला जिभेसारखी पांढरी पट्टी होती. तिच्यावर बादली, त्रिकोण, चौकोनात गोल, काहींवर फुल्या, असा बालवाडीचा पेपर छापला होता. एवढा एकच मजकूर मी वाचला नाही.

परीक्षेसाठी कळसूबाई. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यांत उंच शिखर. हजार मीटरला साडेसहा अंश या हिशोबाने वर आपल्यापेक्षा चांगलंच गार. बारी गावातून अंधारात निघालो आणि वीस मिनिटांत घामाने निथळलो. शॅकेट काढून कमरेला बांधलं, तर बाह्या फुगीर असल्याने गाठ बसेना. लोखंडी शिड्यांवर ते दोनदा सुटून खालच्या माणसाच्या डोक्यावर पडलं. त्याने दुसऱ्यांदा ते घालूनच पाहिलं.

पण वर, देवळापाशी, वारा सुटला. टिचबटणं लावली आणि दोन मिनिटांत पाठीपासून ऊब पसरली, कुणी मागून गोधडी टाकावी तशी. खोटं कशाला बोलू, चार हजार दोनशे तिथे वसूल झाले. शेजारी लिंबूसरबतवाला साध्या शर्टात आणि मफलरमध्ये उभा होता. त्याने माझी बाही चाचपली.

“हलकं आहे. आत काय भरलंय?”

“हवा,” मी अभिमानाने सांगितलं.

“हवा तर इथं फुकटच आहे की,” तो म्हणाला आणि सरबताचे वीस रुपये मागितले.

पुढचा आठवडा मी ते ऑफिसात घातलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, हेच यश. शर्टच दिसतोय की, असं दोघे म्हणाले. शनिवारी धुऊन दोरीवर टाकलं आणि बाहेर गेलो.

रविवारी इस्त्रीवाला गठ्ठा घेऊन आला. पाच शर्ट, आणि सगळ्यांत वर, हँगरला, माझं शॅकेट. सपाट. बाह्यांना पापडासारखी धार. टाक्यांच्या मधले सगळे फुलके बसलेले. मी आईकडे बघितलं. “कॉलर होती, बटणं होती,” ती म्हणाली. “शर्टांबरोबर दिला.”

“फार फुगला होता, भाऊ,” इस्त्रीवाला म्हणाला. “ओलं फडकं टाकून अर्धा तास दाबला, तेव्हा कुठे बसला.”

मी काहीच बोलत नाही म्हणताना त्याला वाटलं, पैशांचा विचार चाललाय.

“काळजी नको. कोटाचे नाही घेतले, शर्टाचाच रेट लावलाय.”