कंट्रोल नसलेली मुलाखत

गेल्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये जेआरएफच्या, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोच्या, मुलाखती झाल्या. जागा एक, आले एकतीस. साडेनऊला कॉरिडॉरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या मांडीवर फाइल, फाइलमध्ये झेरॉक्सचे संच आणि वर स्पायरल बाइंडिंग केलेला एमएस्सीचा प्रोजेक्ट.

बारा वर्षांपूर्वी मीही अशीच बसले होते. पंढरपूरहून रातराणीने पहाटे चारला स्वारगेट. सुलभमध्ये तोंड धुतलं, ड्रेस बदलला. दुपारपर्यंत थांबल्यावर जी मुलाखत झाली ती सात मिनिटांची. केएम म्हणजे काय, क्रेब्स सायकलमध्ये एटीपी किती, आणि मग "लग्नाचं काय ठरलंय?" माझा प्रोजेक्ट कुणी उघडलासुद्धा नाही. मातीतून वेगळा केलेला माझा जिवाणू तीनदा मेला आणि चौथ्यांदा जगला, तो कसा जगवला ते सांगायला मी आसुसले होते. शेवटी "कळवू". अजून कळवायचेत.

आता टेबलाच्या पलीकडे बसते, तर वेगळीच गंमत दिसते. पहिल्या उमेदवाराला पंचवीस मिनिटं, जेवणानंतरच्याला सहा. एकाला इम्युनोलॉजी विचारायची, दुसऱ्याला गावाचं नाव, आणि संध्याकाळी दोघांचे मार्क शेजारी ठेवून तुलना करायची. विद्यार्थ्याने असा प्रयोग करून आणला तर आम्ही त्याला विचारू, "बाबा रे, कंट्रोल कुठाय?" म्हणजे तुलनेसाठी बाकी सगळं सारखं ठेवलेला नमुना कुठाय? फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासून दाखवलं होतं, की मोकळ्या गप्पांपेक्षा सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न विचारलेल्या मुलाखतीवरून पुढच्या कामाचा अंदाज बरा येतो आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणंही तितकंच उपयोगी पडतं. पुराव्याशिवाय एक वाक्य न लिहिणारे आम्ही, माणूस निवडताना मात्र "मला बघताक्षणी कळतं" म्हणतो.

या वेळी मी हट्ट धरला. पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढायचं तंत्र; प्रती निघाल्या तर जेलवर पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. अशा जेलचा एक फोटो छापून घेतला: लॅडर (मापाची पट्टी), पॉझिटिव्ह कंट्रोल (इथे बँड यायलाच हवा), निगेटिव्ह कंट्रोल (यात डीएनए घातलेला नसतो, बँड येताच कामा नये), दोन सॅम्पल. सगळ्यांना एकच प्रश्न, हातात पाच मिनिटं: काय दिसतंय? बऱ्याच जणांनी सॅम्पलमधले ठळक बँड बघून "पॉझिटिव्ह" म्हटलं. इंग्रजीत अडखळणारा एक मुलगा मात्र गप्प बसून बघत राहिला. "मराठीत सांग," म्हटलं. "मॅडम, निगेटिव्हमध्येपण बँड आलाय. पाणी नाहीतर प्रायमर खराब झालं असंल. हा रिझल्ट धरता येणार नाही." त्याने स्वतः पीसीआर कधीच लावलेला नव्हता. कॉलेजात एकच मशीन, तेही फक्त डेमोला. नेहमीच्या पद्धतीत हा पोरगा पहिल्या दोन मिनिटांत बाद झाला असता.

पण खरी दुरुस्ती त्या खोलीच्या आधीच हवी, जाहिरातीत. प्रोजेक्टचे किती महिने उरलेत, ते लिहाच. तीन वर्षांच्या प्रोजेक्टचे अकराच महिने शिल्लक असतात आणि पोरं हातातली कंपनीची नोकरी सोडून येतात. फेलोशिप 'नियमानुसार' म्हणजे काय? १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, असं सरळ लिहायला शाई जास्त लागत नाही. ते पैसे दर महिन्याला येतात की सहा महिन्यांनी एकदम, हेही खोलीत सांगावं. उमेदवाराने विचारलं तर तोंड वाकडं करू नये.

काही जागा आधीच ठरलेल्या असतात, हे कॉरिडॉरमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यावर माझ्याकडे औषध नाही. निदान नांदेड-सोलापूरच्या पोरांना रात्रभर जागवून त्या नाटकाचे प्रेक्षक तरी करू नका.

आणि मुलींना लग्नाचं विचारणारे सर अजून आहेत. या वेळी एकांनी विचारलंच. मी म्हटलं, "सर, मग हा प्रश्न एकतीसही जणांना विचारू." विषय तिथेच थांबला.

न निवडलेल्या तीस जणांना मी दोन-दोन ओळींची मेल केली. सतरा जणांची उत्तरं आली. त्यातल्या बहुतेकांनी आभार कशाचे मानले, तर नकार कळवल्याचे.

पुढच्या महिन्यात अजून एक जागा निघतेय. पहिली फेरी ऑनलाइन घ्यायला ऑफिस तयार झालंय. 'प्रवासखर्च मिळणार नाही' ही ओळ मात्र काढायला तयार नाहीत. फॉरमॅटमध्येच आहे म्हणे.