‘सिनेमानं वापरला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नटांवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. सही ‘एक जुना प्रेक्षक, कोपरखैरणे’ एवढीच आहे, तेव्हा नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं, ‘मराठी नट नाटकानं घडवला आणि सिनेमानं वापरला.’ त्यावर तुम्ही म्हणता, ‘ताई, हे टाळीचं वाक्य आहे. ठाण्यात नौपाड्यातून चालत गडकरी रंगायतनला जाणाऱ्यांना असलं सुचतं. आमच्या गावात नाटक कधी आलंच नाही. जत्रेतल्या तंबूत, पडद्यावर निळू फुले आले. माझी आई त्यांच्या नावानं बोटं मोडायची. ती दाद नव्हे का?’

दादच ती. तिच्यापुढे आमची तिसऱ्या रांगेतली टाळी फिकी. आणि वाक्य टाळीचं होतं हेही कबूल. लिहून झाल्यावर माझं मलाच फार आवडलं होतं, तिथंच शंका यायला हवी होती.

पण निळूभाऊंचं नाव काढलंत म्हणून पुन्हा हिशोब मांडून बसले, तर माझी आणखी एक चूक सापडली. ती तुमच्याही नजरेतून सुटली आहे. हा माणूस पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचा. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मग ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य. १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’त झेलेअण्णा झाले आणि त्यांचं ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक आलं १९७२ला. म्हणजे सिनेमा आधी आणि मी ज्याला ऐटीत ‘नाटक’ म्हणते ते, नंबर टाकलेल्या खुर्च्यांचं, नंतर! त्यांना घडवलं ते कलापथकानं आणि वगानं. त्याचं श्रेय मी परस्पर दादर-ठाण्याच्या खात्यात जमा करून टाकलं होतं.

‘वापरला’ हा शब्द मात्र सोडत नाही. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. सहकारातला सम्राट, गोड बोलून माणूस गिळणारा. ती भूमिका बघून निर्मात्यांनी काय करावं? त्याच पाटलाच्या नकला त्यांच्याकडूनच करून घेतल्या. सरपंच, सावकार, चेअरमन. मध्ये १९७९ला ‘सिंहासन’ येऊन गेला. त्यातला दिगू टिपणीस हा पत्रकार म्हणजे ना मिशीला पीळ, ना बाईवर रोखलेली नजर. सत्तेच्या दारात उभा राहून नुसता बघतो आणि बघून बघून शेवटी त्याचं भान सुटतं. हे त्यांना येत होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी पुन्हा वाडाच. आज कुठल्याही नकलाकाराला निळू फुले करायला सांगा, ‘बाई, वाड्यावर या’ यापलीकडे जाणार नाही. तुमच्या आईनं बोटं मोडली ती खरीच, पण एकाच माणसानं आणखी दहा तऱ्हांनी त्यांना रडवलं-हसवलं असतं, ते राहून गेलं ना?

डॉ. श्रीराम लागू ‘वाया गेले’ असं मी लिहिल्याचं तुम्ही म्हणता, पण तसं कुठंही लिहिलेलं नाही, लेख परत बघा. कान-नाक-घशाचा सर्जन चाळिशी ओलांडल्यावर, १९६९मध्ये, वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट होतो. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ‘नटसम्राट’ येतं आणि १९७२ला ‘पिंजरा’तला मास्तर. हिंदीत त्यांनी कितीतरी बाप आणि न्यायाधीश केले. ‘घरौंदा’सारखं एखादं सोडलं तर त्यातलं किती आठवतं, हे तुम्हीच सांगा.

‘पडद्यावरचं टिकतं, नाटकाचं काय उरतं?’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात झोंबला, कारण तो ठाण्यात रोज भेटतो. रिक्षावाल्याला ‘घाणेकर’ म्हटलं की तो सरळ हिरानंदानी मेडोजच्या नाट्यगृहावर आणून सोडतो. आत जाणाऱ्या पोरांना विचारा, डॉ. काशिनाथ घाणेकर म्हणजे २०१८च्या सिनेमातला सुबोध भावे. खुद्द घाणेकर पडद्यावर बघायचे तर ‘हा खेळ सावल्यांचा’ आहे, ‘गोमू संगतीनं’ आहे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या, ज्यांच्यासाठी खिडकीवर रांगा लागायच्या, ते बघणाऱ्यांबरोबरच चाललेत. मीही लाल्या पाहिलेला नाही. वडिलांनी जेवताना हातातला घास तसाच ठेवून करून दाखवलेला तेवढा पाहिलाय. इथं तुम्ही जिंकलात.

तरी एक सांगते. काही वर्षांपूर्वी गडकरीला एका प्रयोगात, ऐन गंभीर प्रवेशात, कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं. त्या नटाचं नाव घेत नाही, हयात आहेत. ते वाक्याच्या मधेच थांबले. रागावून नव्हे, पात्राला शब्द सापडत नसावा तसे. कुरकुर थांबेपर्यंत टेबलाची कड बोटानं चाचपत राहिले आणि उरलेलं वाक्य अर्ध्या आवाजात घेतलं. सगळं थिएटर पुढे झुकलं. ही जागा त्या दिवसापुरतीच होती. कॅमेऱ्यापुढे असं झालं असतं तर ‘कट’ म्हणाले असते. ‘घडवणं’ म्हणताना माझ्या डोक्यात हे होतं.

नाटकावर पोट भरत नाही, हे तुमचं म्हणणं निम्मं बरोबर. अशोक सराफ कितीतरी वर्षं बँकेत नोकरी करून नाटकं करत होते, सुखानं नव्हे. पण प्रशांत दामले यांनी २०२२च्या नोव्हेंबरात साडेबारा हजारावा प्रयोग केला, त्यांनाही जमेस धरा की.

आणि गडकरीचा टोमणा कशाला? तुमच्याकडे वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे! मूळ लेखातलं वाक्य बदललंय. ‘नाटकानं’ खोडून ‘लोकांपुढे उभं राहण्यानं’ केलंय. टाळी गेली त्यातली, चालेल. ‘वापरला’वर भांडायचं असेल तर भावेला एखादा प्रयोग ठरवा, मी ट्रान्स-हार्बर लोकलनं येते. मध्यंतरातला वडा तुमच्याकडून.